पडवीत पोचलेली रेंज

जयवंतीच्या जव्हारच्या घरात इंटरनेट होतं, पण पुढच्या खोलीपुरतं. रस्त्यावरच्या खांबावरून आलेली वायर खिडकीतून आत शिरून टीव्हीशेजारच्या राउटरला जोडली होती. मध्ये दोन जाड दगडी भिंती, त्यामुळे मागच्या पडवीत मोबाइल नुसता गोल गोल फिरत राही. तिची बैठक मात्र पडवीतच. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सकाळचा चहा, भाजी निवडणं, पेपर वाचणं, सगळं तिथे. मुलगा हेमंत ठाण्याहून व्हिडिओ कॉल करायचा तेव्हा तिला उठून पुढे यावं लागे.

दिवाळीनंतर त्याने पार्सल पाठवलं. त्यात त्याचा जुना राउटर, वायरचं भेंडोळं आणि मुठीत मावेल एवढा एक कॅमेरा होता.

"कोणाला बोलावू नकोस," तो फोनवर म्हणाला. "तूच जोडायचंस. मी सांगतो तसं कर."

"मला जमेल का रे?"

"तू मोखाड्याच्या शाळेत अख्ख्या वर्गाला पाढे शिकवलेस. हे त्याहून सोपं आहे."

फोन पुढ्यात ठेवून ती जमिनीवर बसली. हेमंत घाई करत नव्हता. आधी जुना राउटर नुसता विजेला लावायचा, वायर नाही. मग त्याच्याशी मोबाइल जोडून त्याच्या सेटिंगच्या पानावर जायचं. "आता त्याचा नंबर बदल, आई. शेवटी एक आहे, तिथे दोन कर. पुढच्या राउटरचाही शेवट एकच आहे. सारखे नंबर असले की दोघं भांडतात."

"केलं."

"आता डीएचसीपी लिहिलंय ते बंद कर."

"हे काय असतं?"

"घरात येणाऱ्या प्रत्येक फोनला पत्ता द्यायचं काम. ते पुढचा राउटर करतोच. दोघंही पत्ते वाटायला लागले तर एकाच पत्त्यावर दोन बिऱ्हाडं येतील."

ती हसली. मग वायर. पुढच्या राउटरपासून माजघरातून, दाराच्या चौकटीवरून, खिळे ठोकत तिने ती पडवीपर्यंत आणली. ती निळ्या भोकात घालायला निघाली तर हेमंत म्हणाला, "निळ्यात नको. पिवळी चार आहेत, त्यातल्या कुठल्याही." तिने घातली. हिरवा दिवा लागला आणि पडवीत बसल्या जागी मुलाचा चेहरा स्वच्छ दिसू लागला.

"बघ, झालं की नाही?" तो म्हणाला. त्याला लहानपणी अक्षरं गिरवायला शिकवताना ती असंच म्हणायची. तिचे डोळे भरून आले.

कॅमेराही तिनेच लावला. आदल्या वर्षी मागच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली होती, तेव्हापासून हेमंतला काळजी होती. पडवीच्या खांबावर, परसाकडे तोंड करून. "जरा खाली, आत वळव," तो म्हणाला. "अजून थोडा. हं, बस." तिने वळवला. चोराचं तोंड दिसायला तसा हवा असेल, असं तिला वाटलं.

त्या पडवीत तिच्याखेरीज एकच माणूस नेमाने बसायचं, ती म्हणजे गोदा. दोघी साखरशेत गावच्या, शाळेत एका बाकावर बसलेल्या. जयवंती शिकून मास्तरीण झाली, गोदा चौथीनंतर शेतात गेली ती तिथेच राहिली. बाजाराच्या दिवशी वालाच्या शेंगा, नागली, काय असेल ते जव्हारला विकून गोदा परत जाताना पडवीत टेकायची. जयवंतीने कोणापुढे कधी न काढलेलं गोदापुढे निघायचं.

त्या दिवशीही निघालं. प्रगतीचं.

प्रगती ही जयवंतीची मुलगी, नाशिकला एका खासगी दवाखान्यात नर्स होती. नवरा हरेश हा हेमंतचा कॉलेजातला मित्र, स्थळ हेमंतनेच आणलेलं. हरेशने आधी तिला नोकरी सोडायला लावली, मग तिचा फोन स्वतःच्या खिशात ठेवायला लागला आणि पुढे हात उचलू लागला. शेजारी राहणारी ममता, तिच्या दवाखान्यातलीच नर्स, अधूनमधून आपल्या फोनवरून माय-लेकींचं बोलणं करून द्यायची.

"शनिवारी सकाळच्या एसटीने येतेय," जयवंती हळू आवाजात म्हणाली. "हेमंतला नाही सांगितलं. तो म्हणेल, थांब, मी हरेशशी बोलतो. बोलून झालंय सगळं. पोरगी एकदा घरात आली की मग सांगीन."

गोदा शेंगा सोलत होती. "येऊ दे," ती म्हणाली. "पोरगी आपली हाये. घर आपलं हाये. कोनाला इचारायचं?"

शनिवारी जयवंती स्टँडवर उभी राहिली. नाशिकची गाडी आली, रिकामी झाली, पुढे गेली. दुपारी ममताचा फोन आला. प्रगती नाशिकच्या स्टँडवर पोचायच्या आधीच हरेश तिथे उभा होता. त्याने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, सगळ्यांदेखत तिला रिक्षात घातलं. घरी नेऊन मारलं. "तो तिला म्हणाला, तुझ्या आईच्या घरात काय शिजतं ते मला इथे बसून कळतं," ममता सांगत होती. "काकू, तुमच्याकडून कोणीतरी बोललंय."

जयवंती फोन धरून तशीच बसली. तिच्याकडून कोण बोलणार? ती एकाच माणसाशी बोलली होती.

पुढच्या बाजाराला गोदा आली तेव्हा जयवंतीने तिला बसही म्हटलं नाही.

"तू कोणाला बोललीस, गोदा?"

"काय?"

"प्रगतीचं. कोणाजवळ बोललीस? जीपमध्ये? बाजारात?"

गोदा तिच्याकडे बघत राहिली. "मी कोनालाच नाय सांगलं."

"मग हरेशला काय देवाने सांगितलं? माझ्या पोरीचं अंग काळंनिळं झालंय. तुझ्या तोंडापायी."

गोदाने वाद घातला नाही. डोक्यावरची पाटी उतरवलीच नव्हती, ती सावरली आणि पायऱ्या उतरून गेली. तिचं ते गप्प जाणं जयवंतीला गुन्हा कबूल केल्यासारखं वाटलं.

आतून मात्र ती उसवली होती. इतक्या वर्षांचं माणूस असं कसं करील, हा प्रश्न जेवताना, झाडताना, अंथरुणावर पडल्यावर सारखा यायचा. शेवटी तिने हेमंतला सगळं सांगितलं. रडत सांगितलं.

"मला आधी सांगायचंस," तो म्हणाला. "आणि गोदामावशीचं काय घेऊन बसलीस? खेड्यातली माणसं, आई. पोटात काही राहत नाही त्यांच्या."

आपणही त्याच खेड्यातल्या, हे जयवंतीच्या मनात येऊन गेलं. मुलगा समजूत घालतोय, एवढंच तिने धरलं.

नंतर थंडी वाढली. एका संध्याकाळी हेमंतचा फोन आला. तिने नुसतं "बोल" म्हटलं, तर तो म्हणाला, "काढा करून घे गं. सकाळपासून खोकतेयस."

"हो," ती म्हणाली.

तो पुढे नातीच्या शाळेचं काही सांगत राहिला. ती हुंकार देत राहिली, पण तिचं लक्ष बोलण्यात नव्हतं. या फोनवर ती एकदाही खोकली नव्हती. सकाळी खोकला आला होता तो इथे, पडवीत, एकटी बसलेली असताना. तिने मान वर केली. खांबावरचा कॅमेरा परसाकडे बघत नव्हता. तिने स्वतःच्या हाताने वळवला होता तसा, तिच्या चटईकडे बघत होता.

त्याला चित्र दिसतं हे तिला ठाऊक होतं. त्याला कानही आहेत, हे कोणी सांगितलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. आपलं चुकत असेल, असं तिने स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. आवाज ऐकू येत असला तरी हेमंत हरेशला कशाला सांगेल? सख्खी बहीण आहे त्याची. पण गोदावर आळ घेताना आपण एवढा विचार केला नव्हता, हेही तिला टोचलं. आता खात्री करून घ्यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी ती घराबाहेर पडून जुन्या राजवाड्याच्या रस्त्याला लागली, आणि तिथे एका दगडावर बसून ममताशी बोलली. काय करायचं ते दोघींनी ठरवलं. घरी येऊन ती पडवीत चटईवर बसली, बंद फोन कानाला लावला आणि नेहमीच्या आवाजात बोलली.

"ममता, प्रगतीला सांग, गुरुवारी पहाटे निघ. जव्हारला नको, मोखाड्याला उतर. मी स्टँडवर येते. तिथून पुढे कुठे जायचं ते मी बघते. तिची गाडी निघेपर्यंत कोणाला कळता कामा नये."

खरं तर प्रगती मोखाड्याला येणारच नव्हती.

गुरुवारी जयवंती जीपने मोखाड्याला गेली. आयुष्याची निम्मी वर्षं तिथे नोकरी झालेली. चहावाल्याने ओळखून खुर्ची पुढे केली, "बाई, आज इकडं कुठं?" ती म्हणाली, "पाहुणे यायचेत." ती आत, भिंतीच्या बाजूला बसली, जिथून स्टँड दिसत होता पण ती दिसली नसती. येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलीकडे तिचं लक्ष जात होतं, आणि दर वेळी हरेश नाही हे पाहून तिला हायसं वाटत होतं. कोणी येऊ नये, म्हणजे मुलगा आपला राहील. आपण वेड्या ठरलो तरी चालेल.

नाशिककडून हरेशची मोटारसायकल आली. त्याने ती तहसील कचेरीच्या रस्त्याला लावली, हेल्मेट काढलं आणि स्टँडच्या तोंडाशी उभा राहिला. प्रत्येक गाडीच्या दारातून उतरणारं माणूस तो निरखून पाहत होता.

जयवंतीच्या हातातला कप कलंडला. चहा लुगड्यावर सांडला तो तिने पुसलाही नाही. तिने फोन काढला.

"तो इथे आहे, ममता. निघा."

मग ती उठली आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कोणाची वाट बघताय, हरेशराव?"

तो दचकला. "आई? तुम्ही... मी कामाला आलो होतो. कचेरीत."

"कचेरी मागे आहे. तुम्ही गाडीच्या दाराकडे बघताय."

त्याच्या मागून एसटी आली. दार उघडलं, माणसं उतरली, आणि त्याला राहवलं नाही, त्याने मान वळवून पाहिलंच.

"ती त्यात नाही," जयवंती म्हणाली. "तुम्हाला कोणी सांगितलं, एवढं बोला. मी भांडणार नाही."

हरेश खाली बघत म्हणाला, "हेमंत माझ्या भल्याचंच बघतो. संसार मोडू नये म्हणून सांगतो तो."

तिने मान डोलावली. भांडणार नाही म्हटलं होतं, भांडली नाही. काहीतरी चुकतंय हे हरेशच्या ध्यानात येऊन तो मोटारसायकलीकडे पळाला, तोवर ममता प्रगतीला घेऊन आपल्या भावाच्या घरी पोचली होती.

जव्हारला परतल्यावर जयवंतीने आधी पडवीतल्या राउटरची वायर उपटली. मग कॅमेऱ्याची. त्याचा दिवा विझला. काही मिनिटांतच फोन वाजला.

"आई, पडवीतलं बंद पडलंय का? वायर सैल झाली असेल, बघ."

"मीच काढली."

तिने विझलेल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"आवाज ऐकू येतो त्यातून, हे तू मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. आई, तू एकटी असतेस, कुठे पडलीस, झडलीस तर—"

"प्रगती पडली, हेमंत. तुझ्या मित्राने तिला पाडलं. तू त्याला सांगितलंस म्हणून."

"तो पुन्हा हात उचलेल असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं तो तिला समजावेल. घर मोडलं असतं गं तिचं. लोकांनी काय म्हटलं असतं? स्थळ मी आणलं होतं."

"मी तुझ्यापाशी रडले. गोदाने फोडलं म्हणून. तेव्हा तुला माहीत होतं, ती नव्हती. तू काय म्हणालास, आठवतं?"

"आई, ऐक तरी—"

"तुझ्या काळजीचं मी समजून घेतलं असतं," ती म्हणाली. "ते वाक्य नाही घेता येत." आणि तिने फोन खाली ठेवला. ज्या मुलाने एवढ्या मायेने, न रागावता, एकेक आकडा सांगून तिच्याकडून ते जोडून घेतलं, त्याचा आवाज तिला अजून गोड वाटत होता, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त त्रास होत होता.

प्रगती त्याच आठवड्यात घरी आली. तिने पोलिसांत तक्रार दिली, पुढे जव्हारमध्येच एका डॉक्टरांकडे काम धरलं. हेमंत एकदा ठाण्याहून आला, पुढच्या खोलीत बसला, बहिणीची माफी मागितली. प्रगतीने ऐकून घेतलं आणि आत निघून गेली. जयवंतीने त्याला जेवायला वाढलं. दोघं बोलले ते भाताबद्दल आणि रस्त्याबद्दल.

त्याआधीच, प्रगती आल्याच्या दुसऱ्या दिवशी, जयवंती साखरशेतला गेली होती. गोदा खळ्यावर नागली झोडत होती. जयवंतीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: कॅमेरा, मोखाडा, हेमंत. गोदाचा हात थांबला नाही.

"मला क्षमा कर, गोदा."

"तू माला इचारलं नवतं," गोदा म्हणाली. "तू ठरवूनच आली व्हतीस. पोराचं नाव तुझ्या मनातबी आलं नाय. माझं लगेच आलं."

जयवंतीने पदर खोचला, दुसरं दांडकं उचललं आणि समोर बसून झोडायला लागली. गोदाने तिला थांबवलं नाही. ऊन उतरल्यावर तिने पाण्याचा तांब्या आणून दिला.

"शेवटची जीप जाईल तुझी," ती म्हणाली. "जा. पोरगी घरी एकटी आसंल."