पाठीवरचा हात

"पाया पड ना बाईंच्या," म्हणत सुगंधाबाईंनी नातीला पुढे ढकललं, तशी हेमलता दोन पावलं मागे सरकली.

"इथे कुणी कुणाच्या पाया पडत नाही," ती म्हणाली. "तो या वर्गाचा नियम आहे."

नियम तिनेच केलेला होता. धुळ्यात, देवपूर भागात, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर तिचा पिलाटेस व्यायामाचा वर्ग चालायचा. एक लांबट खोली, मॅट, रबरी पट्टे आणि गुंडाळलेल्या टॉवेलांचा ढीग. डॉक्टर ज्याला स्कोलिओसिस म्हणतात, तसा पाठीचा कणा वळलेल्या मुली-बायका तिच्याकडे खास यायच्या, अगदी शिरपूर-साक्रीहूनसुद्धा. हेमलताचाही कणा उजवीकडे वळलेला होता आणि त्या बाजूच्या बरगड्या वर आलेल्या होत्या. ती मुद्दाम अंगाबरोबरचा टी-शर्ट घालून शिकवायची. ज्याला बघायचंय त्याने एकदाचं बघून घ्यावं, असा तिचा खाक्या होता.

"पोर बाकी बठ्ठी चांगली शे," सुगंधाबाई सांगत होत्या. "बी.कॉम. शे, पतपेढीमा कामले शे. फक्त पाठच जराशी अशी शे. रविवारले पाव्हणा येतस तिले देखाले. तवलग सरळ व्हई का?"

"रविवारपर्यंत काय, कधीच पूर्ण सरळ होणार नाही," हेमलता म्हणाली. "पण ताकद येईल. बसल्यावर कंबर दुखते ना गं? ते खूप कमी होईल."

साक्षीने मान डोलावली. तेवीस वर्षांची ती मुलगी ओढणी दोन्ही खांद्यांवरून पुढे घेऊन उभी होती. घरात कुणी तिला दुखतं का, असं विचारलेलं दिसत नव्हतं.

सुगंधाबाई जवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मंग असं करा. पाया पडताना कसं वाकानं, ते शिकाडी द्या. हात लागना तरी समजाले नको. आनि बाहेर बोलू नका, माय."

बोलताना त्यांचा हात हेमलताच्या दंडावर पडला. आखूड, गुबगुबीत बोटं आणि मधल्या बोटात लाल खड्याची रुंद अंगठी. चेहरा हेमलताने ओळखला नव्हता, तो पार सुकला होता. हात मात्र तिने तत्काळ ओळखला.

लग्नाचं वय होतं तेव्हा ती साक्रीला होती. वडील झुलाल एसटी डेपोत मेकॅनिक. धुळ्याचं स्थळ आलं म्हणून त्यांनी घराला नवा रंग दिला होता. हेमलता मुलाच्या आईच्या पाया पडायला वाकली. त्या बाईचा हात आधी डोक्यावर टेकला, मग पाठीवर आला आणि तोंडाने आशीर्वाद देत देत मणक्यावरून खाली चाचपत गेला. मुलगी बघायला आलेल्या बायका असा हात फिरवतात, आणि तो लाडाने फिरवत नाहीत हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. उजव्या बरगडीवर हात थांबला. "पोर वाकडी शे," बाई भर बैठकीत म्हणाल्या. "आमले चालाव नही." आणि मग त्यांनी तो हात पदराला पुसला.

नकाराचं हेमलताला फार वाटलं नसतं. स्थळं येतात नि जातात. पण तो पुसलेला हात दारात उभ्या असलेल्या साऱ्या गल्लीने पाहिला. पुढे स्थळ आलं नाही ते नाहीच. त्याहून वाईट म्हणजे, त्या दिवसापासून ती कुणापुढे वाकेनाशी झाली. दिवाळीला नाही, लग्नकार्यात नाही. वडिलांना ऑपरेशनसाठी नाशिकला न्यायला निघाले तेव्हा गाडीपाशी त्यांनी आपणहून आशीर्वादाला हात पुढे केला. ही ताठ उभी राहिली. वडील परत आले नाहीत. एवढ्या एका गोष्टीसाठी हेमलताने सुगंधाबाईंना मनातल्या मनात किती वेळा मातीत घातलं होतं, त्याला गणती नाही.

आता त्या बाई तिच्या मॅटवर उभ्या होत्या, आणि ओळखत नव्हत्या. त्यांना हाकलून द्यावंसं हेमलताला वाटलं. पण हाकललेली बाई शिव्या घालत घरी जाते आणि पोटभर जेवून झोपते. हेमलताला तिची झोप उडवायची होती.

"शिकवते," ती म्हणाली. "साक्षी, नीट बघ. कमरेतून वाकायचं नाही. एक पाय मागे घ्यायचा, गुडघा टेकायचा आणि पाठ तशीच ठेवून खाली जायचं. कर."

साक्षीने करून दाखवलं. सुगंधाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या खूश झाल्या. "काहीच समजत नही."

"तिची पाठ तुमच्या रोजच्या हाताखालची आहे," हेमलता म्हणाली. "फरक कळायला परकी पाठ हवी. मी जुन्या पद्धतीने वाकते. मुलाच्या आया ठेवतात तसा हात ठेवा. तुम्हाला सवय असेलच."

आणि इतक्या वर्षांनी हेमलता वाकली. कमरेतून, पूर्ण, त्या बाईच्या पायांशी. बोटं जोडव्यांना लागली तेव्हा तिचे दात आवळलेले होते.

हात डोक्यावर टेकला. पाठीवर आला. मणक्यावरून उतरत उजवीकडे गेला, आणि बरगडीवर थांबला. अंगठी टी-शर्टमधून गार लागत होती. वर सुगंधाबाईंचा श्वास अडकलेला तिला ऐकू आला.

"काय लागनं हातले?" हेमलताने खालूनच विचारलं. आता ती साक्रीच्या घरातली बोली बोलत होती.

अंगठी बरगडीवरून जराशी मागे सरकली.

"सांगा ना नातले. तवय तर बठ्ठी बैठकले ऐकू जाई इतलं मोठं सांगेल व्हतं."

हात झटकन उचलला गेला. हेमलता सरळ झाली, तेव्हा तो पदराच्या टोकापाशी पोचला होता.

"पुसा," ती म्हणाली. "तवय बी पुसेल व्हता."

"झुलाल मेकॅनिकनी पोर," सुगंधाबाई पुटपुटल्या आणि त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

साक्षी एकदा आजीकडे, एकदा हेमलताकडे बघत होती. "आजी, काय झालं होतं?"

"सांगा," हेमलता म्हणाली. "मी सांगितलं तर तिला खोटं वाटेल."

आणि तिने ते सांगायला लावलं. साक्षीच्या अभिमन काकासाठी मुलगी बघायला गेलो होतो, इथपासून हात पुसला इथपर्यंत. सुगंधाबाई मध्येच अडखळल्या की हेमलता "मग?" म्हणायची. तिला दया आली नाही. उलट बरं वाटत होतं.

"चुकनंच मनं," शेवटी म्हातारी म्हणाली. "माफ कर, बेटा. पोरना राग नको धरू."

"तिला शिकवीन, मन लावून शिकवीन," हेमलता म्हणाली. "तुम्हाला माफ करणार नाही. बाहेर बाकावर बसा."

साक्षीने ओढणी काढून खुंटीला अडकवली. "मॅडम, मघाचं ते वाकणं मला नको. रविवारी मी हात जोडीन, आणि पाठीचं सांगून टाकीन."

"पाव्हणा उठी जातीन," दारातून सुगंधाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता.

"आमच्याकडचेही गेले होते," हेमलता म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

तासभर तिने साक्षीला शिकवलं. कुशीवर निजवून कमरेखाली टॉवेल दिला, दबलेल्या बाजूवर तळवा ठेवला आणि तिथे श्वास भरायला सांगितलं. आधी काही हललं नाही, मग हळूहळू तळव्याखालची बरगडी उघडू लागली. साक्षीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हेमलताने ते पुसलं नाही आणि हातही काढला नाही.

दार उघडलं तेव्हा सुगंधाबाई उठून उभ्या राहिल्या. सवयीने त्यांनी नातीच्या पाठीवर ठेवायला हात पुढे केला. साक्षी बाजूला झाली. फार नाही, हात पोचणार नाही एवढीच. मग ती जिना उतरून खाली गेली.

हात जरा वेळ तसाच राहिला आणि मग कठडा शोधू लागला. सुगंधाबाईंची एक चप्पल बाकाखाली गेली होती. त्यांना खाली वाकवत नव्हतं, त्या पायाने ती ओढायचा प्रयत्न करत होत्या आणि चप्पल आणखी आत जात होती. हेमलता दाराला पाठ टेकून उभी होती. नुसतं वाकून हात घातला असता तर चप्पल निघाली असती. ती उभीच राहिली.