देठाची चकती

बनुबाईंनी विळीवर दुध्याचं देठ उडवलं, त्यामागची पातळ चकती कापली, तोंडात टाकली, दोनदा चावली आणि मोरीत थुंकली.

"गोड हाय."

एवढं म्हटलं की या घरात भाजी चुलीवर जायची. काकडी असो, दोडका असो, दुध्या असो, देठाची चकती आधी बनुबाईंच्या तोंडात, मग बाकीचं कढईत. सासू होती तोवर हा मान सासूचा, ती गेल्यावर बनुबाईंचा. लेकाची, जयराजची बायको याच घरात केस पिकवून बसली, तिला कधी चकती मिळाली नाही. ती पंचमीला शिराळ्याला माहेरी गेली होती, ती अजून परतायची होती. त्यामुळे आज स्वयंपाकघरात दोघीच होत्या, बनुबाई आणि नातसून अंकिता.

श्रावणातला सोमवार. नव्या वेलाचं पहिलं फळ देवाला जायचं होतं. त्यात नातू वीरधवल पलटणीतून सुट्टीवर येत होता. मिरजेला उतरलो म्हणून फोनही येऊन गेला होता. दिवस मावळला की नैवेद्य, आणि मग याच भाजीवर घरादाराचा उपास सुटायचा.

अंकिता डाळ धूत होती. हात पदराला पुसत ती म्हणाली,

"आज्जी, एक चकती मला पण द्या."

"कशाला? उपास हाय तुजा."

"तुमचा पण आहे की."

"मी गिळत न्हाई. थुंकते."

"मी पण थुंकीन."

बनुबाईंनी मान वर केली. वैशाखात लग्न होऊन आलेली पोर. फलटणची, झाडापाल्याचं शास्त्र शिकलेली, पलूसच्या कॉलेजात तेच शिकवायला जायची. आवाज कधी चढवायची नाही, पण धरलेलं सोडायचीही नाही. बनुबाईंना हे आल्या दिवशीच कळलं होतं आणि आवडलं नव्हतं, कारण तो गुण घरात एकीकडेच पुरेसा होता.

"आज्जी, हा वेल कुठल्या बियांचा?"

"माज्या. गेल्या साली वेलावर पोसलेल्या भोपळ्याचं बी. इकतचं बी माज्या परड्यात पडत न्हाई."

"आणि दस्तगीरचाचांचा वेल गेल्या वर्षी कुठं होता?"

"गोठ्यावर. शेजारीच. का?"

दस्तगीर मिरजेचा, तंबोरे करणाऱ्या घरातला. दरसाल मोठ्या भोपळ्याचं बी आणून द्यायचा आणि भोपळे वाळले की टेम्पोत घालून न्यायचा. घागरीएवढे ते भोपळे, आणि कडू जहर. ते खायचे नव्हतेच. वाजायचे होते.

"तो भोपळा आणि आपला दुध्या एकाच जातीचे, आज्जी. तिन्हीसांजेला फुलं उमलतात, पतंग या वेलावरून त्या वेलावर जातात. गेल्या वर्षी आपल्या फुलात त्या कडू भोपळ्याचा पराग पडला असेल, तर..."

"गेल्या साली दुध्या गोडच हुता. गावजेवान घातलंय त्याचं."

"फळाचा गर आईचा असतो, तो गोडच लागणार. बाप कोण ते फक्त बियांना ठाऊक. त्या बिया आपण लावल्या. आता कळायचं."

"माज्या दुध्याच्या बापावर जातीस व्हय गं?"

अंकिताला हसू आलं, पण तिनं ते गिळलं.

"मूळ भोपळा कडूच असतो. आपल्याला कुणी खाऊ नये म्हणून वेलानं केलेली ती सोय. माणसानं गोड तेवढे निवडत निवडत तो कडूपणा झोपवला, पण तो मेला नाही. जागा झाला की शिजवूनसुद्धा जात नाही. फलटणला आमच्या शेजारच्या काकांनी कडू दुध्याचा रस औषध म्हणून डोळे मिटून प्यायला. रक्ताच्या उलट्या झाल्या, दवाखान्यातनं कसेबसे परत आले. कडू लागणं एवढीच काय ती खूण असते, आज्जी. दुसरी खूणच नसते."

"म्या सांगितलं न्हवं, गोड हाय म्हणून? तुज्या पुस्तकाला दात फुटायच्या आधीपासनं ही जीभ या घरात हाय. फोडी कर आन चहा टाक."

बनुबाई उठल्या आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

आषाढात त्यांना ताप आला होता. ताप गेला, पण जाताना जिभेवरचं सगळं पुसून नेलं. दुसऱ्या दिवशी लोणचं खाल्लं तर चिखल खाल्ल्यागत लागलं. गूळ तसाच, ठेचा तसाच, नुसता डोळ्यांत पाणी आणणारा. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मीठ हाताला पाठ होतं. ताटावर बसलेल्यांची तोंडं बघून काय कमी, काय जास्त ते कळत होतं. तोंड वाकडं झालं की त्या आधीच ओरडायच्या, "मुद्दाम कमी घातलंय, बीपी वाढतोय तुमचा." आजची चकती त्यांनी चावली तेव्हा दातांना ओला कापूस लागला. कडू नाही लागली, एवढंच खरं होतं.

अंकितानं चहा आणून दिला. बनुबाईंनी बशीत ओतून घोट घेतला.

"पाक केलायस नुसता. साखर कमी टाकत जा."

अंकितानं बशीकडं बघितलं, बनुबाईंकडं बघितलं आणि आत गेली. बनुबाईंनी चहा पिऊन कपबशी मागच्या दाराच्या पायरीवर ठेवली, जयराजच्या कपाशेजारी, आणि कढीपत्ता तोडायला परड्यात गेल्या.

गोठ्याच्या छपरावर वेल पसरला होता. पांढऱ्या कळ्या उमलायच्या बेतात होत्या. लेकरासारखा वाढवलेला वेल. बनुबाईंनी एक तणावा बोटाला गुंडाळून बघितला, सोडला, कढीपत्त्याच्या डहाळ्या ओरबाडल्या आणि मागं फिरल्या.

पायरीपाशी त्या थांबल्या.

जयराजचा कप मुंग्यांनी काळा झाला होता. काठावर, कानावर, बशीत, जिकडंतिकडं मुंग्या. त्याला टेकून बनुबाईंचा कप होता, तळाशी चहाचा घोट होता, आणि त्यावर एक मुंगी नव्हती. एक चढली, काठावर मिशा हलवल्या आणि आली तशी उतरून शेजारच्या कपावर गेली.

बनुबाई खाली बसल्या. आपला कप उचलून त्यांनी तळ बघितला, बोट बुडवलं, अंगठ्यानं चोळलं. चिकट नव्हतं.

तर पोरीनं परीक्षा घेतली होती. या घरात, त्यांच्या चुलीवर, त्यांच्याच कपात. तिला माहेरी धाडावं, असं एकदा मनात आलं. जयराजला हाक मारायला तोंड उघडलं, आणि काय सांगायचं ते न सुचून मिटलं. मग पोरीनं ओरडून सगळ्यांना का नाही सांगितलं, हेही मनात आलं. ते जास्त बोचलं. कढीपत्ता मुठीत चुरगळून गेला. वास मात्र येत होता. नाक अजून जाग्यावर होतं.

आत आल्या तर फोडणीचं तेल तापून खाली उतरवलेलं, आणि अंकिता फोडींची परात मांडीवर घेऊन चुलीसमोर बसलेली.

"टाक की."

"नाही टाकणार, आज्जी."

"म्हंजी?"

"तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी चाखणार नाही. आणि चाखल्याशिवाय टाकणार नाही. रात्रभर बसा म्हटलं तरी बसते."

बाहेरच्या सोप्यातून जयराज ओरडला, "आई, आवरा की! नैवेद्याला उशीर व्हतोय."

"गप बस तू! देवाला भूक लागली न्हाई, तुलाच लागलीया."

पोरगी हलली नाही. परातीच्या काठावर तिची बोटं पांढरी पडली होती, पण नजर खाली नव्हती. बनुबाईंना त्या नजरेचा राग आला आणि ती ओळखीचीही वाटली. त्यांच्या सासूपुढं त्या अशाच बसायच्या, एवढंच की मांडीवर परात घ्यायची हिंमत त्यांना झाली नव्हती.

त्यांनी विळी ओढली. दुध्याचा देठाकडचा राहिलेला तुकडा परातीतून उचलला, त्याची चकती काढली आणि हात पुढं केला.

"घे. गिळायचं न्हाई."

अंकितानं चकती दाताखाली धरली मात्र, तिचा चेहरा आक्रसला. परात खाली ठेवून ती मोरीकडं धावली. थुंकली, चूळ भरली, पुन्हा थुंकली, तरी खांदे शहारत राहिले. बनुबाई बघत होत्या. मग त्यांनी स्वतः एक चकती तोंडात टाकली. चावली, चांगली चारदा चावली. ओला कापूस. मोरीत थुंकून त्यांनी तोंड धुतलं आणि तसंच डोळ्यांनाही पाणी लावलं.

अंकिता ओठ पुसत हळूच म्हणाली, "सांगू आपण, की डाळ शिजली नाही म्हणून..."

"का? चोरी केलीया का आपण? घेवडा मोड जा परड्यातला. ही परात उकिरड्यावर, वर राख टाक, जनावरानं तोंड घालाय नगं."

परात मागच्या दारानं निघाली तशी जयराजनं पाहिली.

"अगं आई, काय हे? पहिलं फळ देवाला म्हणून कबूल केलतं आपण!"

"कडू हाय."

"मघाशी तर गोड म्हणाल्तीस!"

"मघाशी गोड म्हनले, आता कडू म्हनते. घर माजं हाय." बनुबाईंनी फोडणीचं तेल परत चुलीवर चढवलं. "महादेवानं जहर पचवलंय, त्याला चालंल. तुला पचतंय का? पचत आसंल तर वाढते."

जयराज सोप्यावर परत गेला.

दिवेलागणीला वीरधवल आला. पाठीवरची बॅग उतरवून आजीच्या पायांवर डोकं ठेवलं. नैवेद्य झाला, पानं मांडली. घेवड्याच्या भाजीचा घास घेऊन तो म्हणाला, "झकास झालीया. पण दुध्या हुता म्हणं? आज्जी, तुमच्या हातच्या दुध्यासाठी दोन दिस गाडीत काय खाल्लं न्हाई मी."

सगळ्यांचे हात ताटात थांबले. अंकिता खाली बघत वाढत होती.

"दुध्या कडू निगाला," बनुबाई म्हणाल्या. "तुज्या बायकोनं वळखला. आजपासनं या घरात देठाची चकती ती चाखंल. काकडी, दोडका, सगळ्याची. उंद्या तुजी आई शिराळ्यासनं आली की तिला बी सांगा, मी सांगितलंय म्हणून."

"आन तुमी, आज्जी?"

"माजी जीभ मी मानसास्नी बोलाय ठिवलीया. ती अजून चालती. बगायची हाय का?"

वीरधवल हसला. जयराजनं आईकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि मग आमटी ओरपली.

पानं उठली. अंकिता भांडी गोळा करून मागच्या दाराशी आली. बनुबाई पायरीवर बसल्या होत्या. गोठ्यावर दुध्याची फुलं उमलून पांढरीशुभ्र झाली होती, आणि दोनचार पतंग त्यांच्यावर घिरट्या घालत होते.

"हा वेल काढायचा का, आज्जी?"

"न्हाई. ऱ्हाऊ दे. जल्मला तो आपल्या हातनं, त्याला काय ठावं? बी तेवढं धरायचं न्हाई." त्यांनी एका उमललेल्या फुलाकडं बोट केलं. "चांगलं बी धरायचं आसंल तर काय करत्यात तुज्या शास्त्रात?"

"दुसरा वेल लावायचा. फूल उमलायच्या आधी संध्याकाळी दोऱ्यानं बांधायचं. मग आपल्याच वेलाचा पराग आपल्या हातानं लावायचा आणि परत बांधायचं."

"दोरा हाय माज्याकडं."

अंकिता कप उचलायला वाकली. एक मुंग्यांनी भरलेला होता. दुसरा स्वच्छ होता. तिचा हात त्या दुसऱ्या कपावर तसाच राहिला.

बनुबाईंनी तिच्याकडं बघितलं नाही. त्या फुलांकडं बघत म्हणाल्या,

"आन सकाळच्या चहात साखर घाल माज्या. मुंग्या उपाशी ऱ्हात्यात."