आयुनो नावाचं गाव

पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला बसून रुद्राणीने दोन वर्षं स्पॅनिश घोकलं. त्यातलं पक्कं आलं ते इतकंच: पुस्तक मेजावर आहे, पेन्सिल पिवळी आहे, आणि खाण्यापिण्याच्या क्रियापदांना मागे 'एमोस' लागलं की 'आम्ही'. एवढ्या शिदोरीवर ही बया सोलापूरच्या दैनिकातर्फे थेट मेक्सिकोला पोचली. धाडस म्हणावं की अगोचरपणा, तुम्हीच ठरवा.

साल पंच्याहत्तर. तिथे बायकांची जागतिक परिषद भरली होती. निघताना संपादक सिद्रामप्पा म्हणाले होते, "भाषणं काय, तारेवर येत्यातच की. तू तितल्या गिरणीतल्या बायकांचं आण. न्हाय आणलंस तर पाककृतीचं पान हायच तुला." त्या पानाला रुद्राणी इतकी विटली होती की त्यापेक्षा तिने आडात उडी घेतली असती.

म्हणून आज परिषदेला दांडी मारून ती बसने एका कापडगिरणीच्या दारात येऊन उभी राहिली. उद्या परतीचं विमान, तेव्हा जे काय मिळवायचं ते आजच. दुभाषी बाईंनी आयत्या वेळी टांग मारली होती, पण रुद्राणीच्या अंगात नुसतं वारं भरलं होतं. नाही तर नाही, म्हणाली, आपल्याला येतंय की.

दारापुढे ताडपत्रीखाली काही बाया बसल्या होत्या. वर पाटी होती, 'एन आयुनो'. 'एन' म्हणजे 'मध्ये', हे वर्गात झालेलं. म्हणजे गावाचं नाव आयुनो. तिने खूष होऊन बातमीचं ठिकाण लिहूनही टाकलं.

"मी रुद्राणी. मी बातमीदार. इंडिया," तिने स्पॅनिशमध्ये सांगितलं. एका तरण्या पोरीने तोंडच फिरवलं. मालकानेच पाठवलेली दिसते, असा सगळ्यांचा चेहरा. पुढे काय बोलावं? पेन्सिल पिवळी आहे हे त्यांना सांगून काय उपयोग?

आता आपल्याकडे दारात माणूस दिसलं आणि काही सुचेना, तर तोंडातून काय येतं? रुद्राणीच्या घरी कानडीत "ऊटा आतेनव्वा?", शेजारी मराठीत "जेवलासा का, मावशी?" उत्तराची कुणी वाटही बघत नाही. तेच जसंच्या तसं तिने पांढऱ्या वेणीच्या म्हातारीपुढे ठेवलं.

"या कोमिओ, तीआ?"

तरणी पोर ताडकन उठली. म्हातारीने तिला हाताला धरून खाली बसवलं आणि रुद्राणीकडे बघत म्हणाली, "नो कोमेमोस, ईहा."

एमोस. आम्ही. आम्ही जेवत नाही, लेकी.

रुद्राणीने पाटीकडे बघितलं, मग त्यांच्या सुकलेल्या ओठांकडे. आयुनो हे गाव नव्हतं, उपास होता, मालकाच्या दारात धरलेला. उपाशी बसलेल्या बायकांना ही विचारत होती, जेवलात का! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. "पेर्दोन, पेर्दोन," करत ती मटकन खालीच बसली.

म्हातारी हसायला लागली. मग हसता हसता तिने पदरासारख्या शालीने डोळे पुसले. पोराला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून, हातवारे करत ती बोलली. पेपरवाले खूप आले, उठणार कधी म्हणून विचारून गेले. जेवलात का, हे कुणी विचारलं नाही.

मग तिने रिकाम्या हाताने हवेत मागाचा धोटा फेकून दाखवला. "तेहेर."

विणणं! आणि हे तर जेवणाच्याच घरातलं क्रियापद, 'एमोस' घेणारं. रुद्राणीची आई चंद्रव्वा सोलापूरच्या गिरणीत सुताच्या कांड्या भरायची. हिने स्वतः आयुष्यात एक धागा ओढला नव्हता, तरी छाती ठोकून म्हणाली, "नोसोत्रास ताम्बिएन तेहेमोस." आम्ही पण विणतो.

ती तरणी पोर आधी सरकली, मग बाकीच्या सरकल्या, आणि सावलीत एका बाईपुरती जागा झाली. रुद्राणी उठून तिथे मांडी घालून बसली. म्हातारीने तिच्या हातातल्या पेनावर बोट ठेवलं.

"एस्क्रीबे, ईहा," ती म्हणाली. लिही, लेकी.