निळ्या रंगाची ग्वाही

मित्रांनो, गिरगावातल्या फणसवाडीत एका कपाटात, औषधांच्या रिकाम्या बाटल्यांमागे पडून राहिलेला मी एक जुना स्पिरिटचा दिवा आहे. काचेचं गोल पोट, पितळी टोपण, सुती वात. मी स्वतः स्पिरिट पिऊन जळतो, तेव्हा दारूविषयी बोलण्याचा मला कितपत अधिकार आहे, याची मला शंकाच आहे. तरी बोलतो, कारण जे मी पाहिलं ते या घरात कुणी बोलत नाही.

मला अप्पांनी आणलं. अप्पांना मधुमेह होता. त्यांच्या वडिलांनाही होता. सकाळी परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी माझ्या ज्योतीवर धरायची. निळंच राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर फार. अप्पांचं बहुतेक विटकरीच येई. पायाची जखम चिघळून ते गेले.

मग त्यांचा मुलगा मनमोहन माझ्यापुढे बसू लागला. कचेरीत कारकून, पोट सुटलेलं, मनात बापाच्या पायाची धास्ती. त्याने चहातली साखर सोडली, आंबा सोडला. दर रविवारी त्याची बायको उर्मिला नळी उजेडाकडे धरून म्हणे, "निळं आहे हो, अगदी निळं." मग मला मऊ फडक्याने पुसलं जाई. मला अभिमान वाटे, हे कबूल करतो.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मनमोहन आणि त्याचा मित्र शरदचंद्र सभांना जात आणि परतताना प्रभादेवीला एका घरी थांबत. दारूबंदी होती, पण तिथे मिळे. आधी शनिवारी, मग रोज.

"घसा घोषणांनी बसलाय, की आणखी कशाने?" उर्मिला विचारी.

"त्यात साखर नसते गं. रविवारी बघ, निळंच येईल."

आणि निळंच येई.

एकदा मुलीच्या, बेबीच्या तापासाठी डॉक्टर शामराव आले. मनमोहनचा चेहरा बघून त्यांनी त्यालाच आडवं केलं आणि पोट दाबलं.

"लिव्हर हाताला लागतंय. रोज घेतोस ना?"

"शरदचंद्र माझ्या दुप्पट घेतो, डॉक्टर. बघा, कसा पैलवान आहे."

"त्याच्या घरात मधुमेह नाही. तुझ्या आजोबांना होता, बापाला होता, वर हे पोट. त्यालाही दारू सोडेलच असं नाही, पण अशा अंगात ती लिव्हर लवकर बिघडवते, तुला आधी धरेल. आजपासून बंद कर."

"पण माझं तर निळं येतं."

"ती नळी साखरेपुरतं सांगते, बाबा. लिव्हरचं तिला काय कळणार?"

डॉक्टर गेले. "घाबरवतात उगाच," मनमोहन म्हणाला. रविवारी उर्मिलेने मलाच पेटवलं, निळं आलं, आणि दोघांनाही हायसं वाटलं. त्या दिवशी मी पेट घेतलाच नसता तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

साठ सालच्या मे महिन्यात राज्य झालं. वाडीत रोषणाई होती. मनमोहन खाटेवर होता. डोळे पिवळे, हातापायांच्या काड्या, पोटात पाणी. शरदचंद्र पेढे घेऊन आला.

"घे रे मन्या. झाला बघ महाराष्ट्र."

मनमोहनने हात मागे घेतला. "नको रे. आमच्या घरात मधुमेह आहे."

शरदचंद्र पुडा बांधायला लागला, पण त्याच्याने गाठ मारवेना.

महिना संपायच्या आत मनमोहन गेला. बेचाळिसाव्या वर्षी. त्या आठवड्यातही नळी निळीच होती. उर्मिलेने माझ्यावर टोपण ठेवलं, ते पुन्हा काढलं नाही.

मित्रांनो, बेबी आता मोठी होते आहे. आपले वडील कशाने गेले असं विचारलं, की तिला 'काविळीने' एवढंच सांगतात. तुमच्या घरात काय चालत आलं आहे, ते तुम्ही तरी मोठ्यांना विचारा, आणि जाणत्या डॉक्टरांचं ऐका. माझ्यासारख्या दिव्यावर विसंबू नका. मला एकच प्रश्न विचारत होते, आणि त्याचं उत्तर मी शेवटपर्यंत बरोबर दिलं.