कर्नलसाहेबांची तुकडी

लंडनच्या क्रॉयडनमध्ये इमिग्रेशनची वकिली करायची तर स्वतःवर भरवसा पाहिजे, आणि तो माझ्याकडे पोतंभर आहे. इरावती दामले समोर आहे म्हटलं की होम ऑफिसचे, म्हणजे इथल्या गृहखात्याचे, वकील फाईल पुन्हा एकदा चाळतात. असं मीच सांगत फिरते, पण ते खोटं नाही.

म्हणूनच कर्नल बाकारी आले तेव्हा मी निर्धास्त होते. त्यांच्या देशाचं नाव घेत नाही; तिथे अजून लष्कराचंच राज्य आहे. हा माणूस तरुणपणी आमच्या पुण्याजवळ, खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीत शिकला. मायदेशी कॅप्टन झाला, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत पदक मिळवलं, कर्नल झाला. मग तिथल्या एका जनरलनं सरकार उलथवलं, तेव्हा टीव्ही केंद्र ताब्यात घ्यायला यांचीच तुकडी गेली. लवकरच निवडणुका घेऊ, असा जनरलचा शब्द होता. निवडणुका कसल्या होतायत! बाकारींनी भर बैठकीत त्याची आठवण करून दिली आणि त्यांच्यावरच वॉरंट निघालं, तसे ते निसटून इंग्लंडला आले. परत पाठवलं तर फाशी. इथे निर्वासित म्हणून आसरा मिळवणं एवढंच हातात होतं.

अडचण एकच होती: गंभीर गुन्ह्यात हात असलेल्याला असा आसरा मिळत नाही. टीव्ही केंद्रावर एक पहारेकरी गोळी लागून मेला होता. झाडली एका लेफ्टनंटनं, घाबरून, हुकूम नसताना. हे बाकारींनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं.

"जजसमोर हेच सांगायचं, त्याचं नाव घेऊन," मी म्हटलं. "काम फत्ते."

ते काही बोलले नाहीत. मौन म्हणजे संमती, असं मी धरून चालले.

सुनावणीत होम ऑफिसच्या वकिलानं विचारलं, "गोळी कोणी झाडली?"

बाकारी खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले. "माझ्या तुकडीनं."

"नाव?"

"कमांड माझी होती. माझं नाव तुमच्यासमोर आहे."

माझी पाळी आल्यावर मी सरळ विचारलं, आडून विचारलं. उत्तर तेच. माझं डोकं असं सणकलं की परतताना ट्राममध्ये मी त्यांच्यापासून लांबच्या सीटवर जाऊन बसले.

जजनं त्यांचा शब्दन् शब्द खरा मानला, आणि म्हणूनच निर्वासिताचा दर्जा नाकारला. तुकडी यांची, जबाबदारी यांची. जिवाला धोका आहे म्हणून परत पाठवणार नाहीत. पण राहायची परवानगी थोड्या मुदतीची. संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा वाट बघणं, जन्मभर.

"कर्नलसाहेब, नव्यानं अर्ज करू," मी म्हटलं. "लेफ्टनंटचं नाव गुप्त ठेवता येतं. तेवढं एक नाव द्या, मी जिंकते." मला खात्री होती. अजूनही आहे.

"ताई," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी खडकवासल्याहून आणलेला. "तो आपल्या पायानं तिथे गेला नव्हता. मी त्याला ट्रकमध्ये बसवलं, देशाचं भलं होतंय असं सांगून. त्यानं विश्वास ठेवला."

मला त्यांचा राग येत होता आणि अभिमानही वाटत होता. मी तरीही पेन पुढे केलं.

"नाव लिहायचंच असेल तर त्या पहारेकऱ्याचं लिहा," ते म्हणाले. "ते मला अजून कोणी विचारलेलं नाही."

इतके महिने केस लढले, आणि मीही विचारलं नव्हतं. मला लाज वाटली. मग मी विचारलं.