कॉफीच्या डब्यातली किल्ली

बर्गन शहराच्या पेपरात मी एकवीस वर्षं सिनेमाची परीक्षणं लिहितोय. आमच्याकडे मजकूर कोणी वाचत नाही, बाजूला छापलेला फासा तेवढा बघतात. सहा ठिपके म्हणजे धावत जा, एक म्हणजे घरीच वॅफल करा. त्या आठवड्यात आलेल्या सिनेमाने मात्र सगळ्यांना भांडायला लावलं. त्यातला नवरा बायकोच्या वस्तू गुपचूप हलवतो, ती स्वतःलाच वेडी समजायला लागते आणि शेवटी बोटीवर खून पडतो. ऑस्लोच्या पेपरवाल्यांनी पाच दिले. स्टावांगरच्या परीक्षक बाईंनी तीन दिले आणि वर टोमणा मारला की रक्त फार, लग्न थोडं.

मी दोन दिले, आणि वर सिनेमा फाडून खाल्ला. 'बायकोने मुलाखतीला जाऊ नये म्हणून गाडीची किल्ली कॉफीच्या डब्यात लपवणारा नवरा कुठे असतो का? दिग्दर्शकाने लग्न लांबूनच पाहिलेलं दिसतंय,' असं ऐटीत लिहिलं.

सोमवारी सकाळी संपादक गुनवोरचा फोन आला. ती हसत होती.

"तोरलाइव्ह, सिनेमा बघितलास की घोरत होतास? तो किल्ली समुद्रात फेकतो. आख्ख्या सिनेमात कॉफीचा डबा नाही. नऊ वाचकांनी कळवलंय. दुरुस्तीच्या दोन ओळी पाठव."

मी छापलेली ओळ पुन्हा वाचली. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मी तर आपणहून छापून आणलं होतं. डबा सिनेमातला नव्हता, बेटावरच्या आमच्या सुट्टीत राहायच्या केबिनमधला होता.

अकरा वर्षांपूर्वी माझी बायको ओसहिल्ड हिला दूर उत्तरेकडच्या ट्रॉम्सोच्या म्युझियममधून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. तिला नोकरी मिळाली असती तर मला बर्गन सोडावं लागलं असतं. केबिनवरून निघून सकाळची फेरीबोट गाठायची होती आणि किल्ली सापडेना. ओसहिल्ड चहा पिते, कॉफीच्या डब्याला हातही लावत नाही. बोट गेली, विमान गेलं, नोकरीही गेली. दोन दिवसांनी किल्ली मला सरपणाच्या ढिगात 'सापडली'. ती रडत म्हणाली, माझंच डोकं ठिकाणावर नसतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. या हाताची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

तेव्हापासून ती किल्ल्या लाल दोरीत गळ्यात घालते. घरातून निघाली की दार लावलं का, हे बघायला तीनदा परत येते. मी त्यावरून पाहुण्यांसमोर तिची थट्टाही करत आलोय.

फोन ठेवला तर ती समोरच बसलेली. लॅपटॉपवर माझं परीक्षण उघडं होतं आणि पावावरचं तपकिरी चीज तसंच होतं.

"काल बहिणीबरोबर सिनेमा बघून आले," ती म्हणाली. "डब्याची वाट बघत बसले होते."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

"म्हणजे मी विसरले नव्हते."

"नाही," मी म्हणालो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि दुरुस्ती लिही म्हणाली. मी लिहिलं, 'परीक्षणात उल्लेख केलेला कॉफीच्या डब्याचा प्रसंग चित्रपटात नाही.' तिने वाचलं.

"अर्धंच लिहिलंस."

मी पुढे लिहिलं, 'तो परीक्षकाच्या घरात घडला आहे. नवरा तो स्वतः होता.'

"पाठव."

मी पाठवलं. उद्या सगळं बर्गन वाचेल, माझी आईसुद्धा.

ओसहिल्डने कोट चढवला. गळ्यातली दोरी काढून दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि बाहेर पडली. मी खिडकीशी उभा राहिलो. उतारावरून ती पार वळणापर्यंत गेली, पण दार लागलं का ते बघायला एकदाही परत आली नाही.