पंचेचाळीसची बाई

धाकटे दीर रविवारी सकाळीच तीन रिकामी खोकी घेऊन आले, तेव्हा वहिनींचं मौन चालू होतं. जेवणापर्यंत बोलायचं नाही, हा त्यांचा रविवारचा नेम. दिरांना तो पक्का ठाऊक होता. म्हणून तर ते जेवणाआधी आले होते.

"दादाच्या रेकॉर्ड नेतो म्हणतो," बूट काढता काढता ते म्हणाले. "रिदम अँड ब्लूजचं हे अमेरिकी संगीत म्हणजे खायचं काम नव्हे, वहिनी. त्याला कान लागतो. इथे नुसत्या धूळ खात पडतील."

धूळ! दादा गेल्यापासून रोज दुपारी वहिनी एकेक रेकॉर्ड मऊ फडक्याने पुसत आणि ऐकत. घरात दुसरा आवाज होताच कुठे? पण सांगणार कसं? त्यांनी रविवारच्या जेवणाला आलेल्या नणंदेकडे पाहिलं.

"कानाचंच म्हणतोस ना?" नणंदबाई मटार सोलत होत्या. "मग होऊन जाऊ दे. एकच गाणं, दोघांनी गायलेलं. नावं न बघता सांग, कोण सरस आणि का. चुकलास तर खोकी आली तशी परत."

"अगं, दात बघून मी माणसाचं वय सांगतो," दातांचे डॉक्टर असलेले दीर म्हणाले. "आवाजावरून तर कुळीच सांगेन."

वहिनींनी पहिली रेकॉर्ड लावली. गाणारा भल्यामोठ्या वाद्यवृंदावर स्वार झाला, 'जाऊ नकोस' म्हणत घसा फाडून ओरडला आणि शेवटी ढसाढसा रडला.

दुसरी लावताना वहिनी पाठमोऱ्या होत्या. तबकडी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगाची. त्यांच्या बोटानं वेगाचा खटका हळूच संथ तेहेतिसावर नेला. खोटं बोलायचं नाही, असाही त्यांचा एक नेम होता. पण बोललं होतं कोण?

खर्जातला, जड, रेंगाळता आवाज खोलीभर पसरला. दिरांनी डोळे मिटले.

"वा! हा खरा गडी. साठी उलटलेला असणार. ठेक्याच्या मागे मागे कसा चालतोय बघ! पहिल्याचा नुसता आरडाओरडा. आणि सांगून ठेवतो, बायकांच्या छातीत हा दम नसतो."

वहिनींनी खटका पंचेचाळीसवर सरकवला, सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. पियानो टुणकन उठून बसला आणि एक तरुण बाई गाऊ लागली.

नणंदबाईंच्या मांडीवरचे मटार घरभर पळाले. "अरे, तुझे आजोबा मुलगी निघाले की रे!"

"यंत्र बिघडलंय," दीर म्हणाले. पण गाणं थांबेना. ओरडायची जागा आली, तिथे त्या बाईनं फक्त श्वास घेतला आणि ओळ अर्धीच सोडून दिली.

जेवायला बसल्यावर दिरांनी पुन्हा उचल खाल्ली. "तरी सरस दुसरीच म्हणालो ना मी? म्हणजे जिंकलो!"

पहिला घास घेऊन वहिनींनी तोंड उघडलं. "भावोजी, पहिला रडतो, तेव्हा आपण त्याच्याकडे बघत बसतो. ही रडू गिळते, तर आवंढा आपल्या घशात येतो. एवढंच सांगितलं असतंत, तर खोकी मी स्वतः भरून दिली असती. तुम्ही गडी शोधत बसलात."

नणंदबाई हसू दाबायला पाणी प्यायल्या आणि त्यांना ठसका लागला.

निघताना दिरांचा चेहरा बघून वहिनींना दया आली. ओरडणाऱ्याची रेकॉर्ड त्यांनी एका खोक्यात ठेवून दिली; बाकी सगळ्या कपाटातच राहिल्या.

दोन मिनिटांनी जिन्यातून हाक आली, "वहिनी, ही नक्की कितीवर लावायची हो?"

"दोन्हीवर लावून बघा," वहिनी कठड्यावरून वाकून म्हणाल्या. "बरा वाटेल तो गडी तुमचा!"